शार्डोनेच्या आईचं नाव

मामांच्या घरामागे, कपडे धुवायच्या दगडापाशी, द्राक्षाचा एक वेल आलाय. कुणी लावलेला नाही. तीन वर्षांपूर्वी मामेभावाच्या मुलीनं तिथं बसून फ्रिजमधली रेड ग्लोब द्राक्षं खाल्ली होती आणि बिया थुंकल्या होत्या. त्यातलीच एखादी रुजली असणार, असा घरच्यांचा अंदाज. मामांची तासगाव तालुक्यात दोन एकर बाग आहे. चाळीस वर्षं द्राक्षातच गेली, पण बियांपासून आलेला वेल त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच वाढताना पाहिला. दिवाळीत गेले तेव्हा त्यांनी मला पान तोडून दाखवलं. "ही पानं बघ पोरी. रेड ग्लोबची अशी नसत्यात. मग हा वेल कुणाचा म्हणायचा?"

प्रश्न साधा वाटतो, पण नेमका हाच प्रश्न जगातल्या सगळ्यात गाजलेल्या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाबद्दल शेकडो वर्षं अनुत्तरित होता. शार्डोने कुणाचं? १९९९ मध्ये उत्तर आलं आणि वाइनच्या जगात थोडी पळापळ झाली. बाप खानदानी निघाला. आई मात्र अशी निघाली, की जिचं नाव घेताना फ्रेंच बागायतदार नाक मुरडत आले होते: ग्वे ब्लाँ. आज ती लागवडीतून जवळपास नाहीशी झालेली आहे. "अमक्या द्राक्षाचे आईबाप सापडले" अशा बातम्या अधूनमधून येतात आणि वाचणारा गोंधळतो. द्राक्षाला आईबाप असतात म्हणजे नक्की काय, आणि असले तर आपल्याला काय त्याचं? दोन्ही प्रश्नांची उत्तरं ग्वे ब्लाँच्या गोष्टीत आहेत.

आधी काडी आणि बी यांतला फरक

द्राक्षाची बाग बी पेरून लावत नाहीत. चांगल्या वेलाची काडी घेतात, ती मुळावते किंवा खुंटावर, म्हणजे दुसऱ्या वेलाच्या मुळांवर, कलम होते, आणि नवा वेल उभा राहतो. तो जुन्या वेलाचा मुलगा नसतो, तो जुना वेलच असतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढत जावी तसं. फ्रान्समधलं, कॅलिफोर्नियातलं, ऑस्ट्रेलियातलं सगळं शार्डोने म्हणजे कधीकाळी एकाच बीतून उगवलेल्या एकाच वेलाचा विस्तार आहे. मूळ वेल केव्हाच गेला, पण त्याच्या काड्यांच्या काड्या अजून जिवंत आहेत.

बीचं तसं नाही. बी फुलातून येते. फुलात एका वेलाचा पराग दुसऱ्याच्या स्त्रीकेसरावर पडतो, दोघांचे गुण पत्त्यांसारखे पिसले जातात आणि प्रत्येक बीला वेगळा डाव मिळतो. एकाच घडातल्या दहा बिया लावल्या तर दहा वेगळे वेल येतील. एकाच आईच्या पोटी जन्मलेली भावंडं कुठं एकसारखी असतात? म्हणून तर शेतकरी बीच्या वाटेला जात नाही. काडीची खात्री असते, बीचा जुगार असतो. पण जगातला प्रत्येक जुना वाण कधीतरी अशाच एका जुगारातून निघालेला आहे. कुणाच्या तरी बांधावर, कुंपणाशी एक वेल उगवला, कुणाला तरी त्याची चव आवडली आणि त्यानं काडी कापून घेतली.

तिसरा एक प्रकार आहे आणि तो आपल्याला चांगला ठाऊक आहे. वेलाच्या एखाद्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, अचानक फरक पडतो: त्या डोळ्यातून फुटलेल्या फांदीचे मणी लांबट येतात, किंवा रंग बदलतो. शेतकरी तेवढीच फांदी जपतो, तिच्या काड्या वाढवतो. आपली तास-ए-गणेश आणि सोनाका अशीच थॉमसन सीडलेसमधून निवडून काढलेली. सोनाका हे नाव ऐकायला सोन्याचं वाटतं, पण ती सोलापूर, नान्नज आणि काळे यांची पहिली अक्षरं. ही थॉमसनची मुलं नव्हेत, कपडे बदललेली थॉमसनच. फ्रान्समध्ये पिनो नुआर, पिनो ग्री आणि पिनो ब्लाँ यांचं हेच नातं: एकच वेल, कधी काळा, कधी राखाडी-गुलाबी, कधी पांढरा.

शार्डोनेलाही लोक बराच काळ पिनोचंच पांढरं रूप समजत. बाटलीवर 'पिनो शार्डोने' असं छापलेलं असे. पानं इतकी सारखी दिसतात, की समज चुकीचा असला तरी तो करून घेणाऱ्यांना वेडं म्हणता येत नाही.

ग्वे ब्लाँ म्हणजे कोण?

मध्ययुगात फ्रान्सच्या ईशान्य भागात, म्हणजे बरगंडी, शँपेन, लॉरेन या पट्ट्यात, दोन द्राक्षं सर्रास दिसत. एक पिनो. उतारावरची चांगली जमीन, मठांच्या आणि सरदारांच्या बागा याच्या वाट्याला. दुसरी ग्वे ब्लाँ. सखल, थंड, पाणी साचणारी, दुसरं काही नीट न पिकणारी जमीन हिच्या वाट्याला. ती लावणारा साधा कुणबी. हिला माल भरपूर लागतो, चव आंबट, वाइन पातळ. घरी प्यायला, मजुरांना द्यायला पुरे.

नावातच अपमान आहे. 'ग्वे' हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या 'गू' या हेटाळणीच्या विशेषणावरून आला असं मानतात. (मराठी वाचकाला यापुढे काही समजावून सांगायची गरज नाही.) जर्मन भाषेत हिचंच नाव होइनिश. मध्ययुगातले जर्मन लोक द्राक्षांचे दोन वर्ग करत: फ्रांकिश म्हणजे आपली, उंची, आणि हुनिश म्हणजे हूणांकडची, पूर्वेकडची, हलकी. बाराव्या शतकातल्या हिल्डेगार्ड या जोगिणीनंही आपल्या लिखाणात फ्रांकिश वाइन कडक आणि हुनिश वाइन पाणचट असा फरक केलेला आहे. ग्वे वाईट प्रतीची म्हणून ती उपटायचे हुकूमही निरनिराळ्या ठिकाणी निघाले.

एक गोष्ट इथं नीट पाहायला हवी. हा वर्ग करताना कुणी द्राक्ष चाखून प्रत्येक वाणाला गुण दिले नव्हते. कुणाच्या जमिनीत काय पिकतं आणि ते कोण पितं, यावरून प्रत ठरत होती. उतारावरची जमीन आणि मठाची देखभाल मिळाली असती तर ग्वेनं पिनोची बरोबरी केली असती, असं मी म्हणणार नाही. तिची वाइन साधीच होते. पण 'हलकी' या शब्दात चवीइतकाच हिशेब माणसांच्या पायरीचाही होता.

नातं शोधायचं कसं?

आमच्या सांगली-कोल्हापूरकडे हेळवी यायचे. बैलावर बसून, चोपड्या घेऊन. दारात उभे राहून घराण्याच्या सात-आठ पिढ्या घडाघडा म्हणत. द्राक्षाच्या पेशीतही अशी चोपडी असते, ती म्हणजे डीएनए. चारच अक्षरांत लिहिलेला लांबच लांब मजकूर. वेलाच्या प्रत्येक पेशीत या चोपडीच्या दोन प्रती असतात: एक आईकडून आलेली, एक बापाकडून.

या मजकुरात काही जागी गंमत असते. दोन-तीन अक्षरांचा एकच तुकडा पुन्हापुन्हा येत राहतो, तबला शिकणारा पोर एकच बोल घोकत बसतो तसा. अशा जागेला मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. आपण तिला 'खूण' म्हणू. तुकडा किती वेळा येतो हा आकडा वाणागणिक बदलतो, आणि पिढीतून पिढीत सहसा जसाच्या तसा जातो. मग वंशावळ जुळवणं म्हणजे निव्वळ आकडेमोड.

समजा (आकडे नमुन्यादाखल), एका खुणेवर ग्वेकडे १२ आणि १५ हे आकडे आहेत, पिनोकडे ९ आणि २०. त्यांच्या मुलाकडे एक आकडा इकडचा आणि एक तिकडचा असलाच पाहिजे. १२ आणि ९ चालेल. १५ आणि २० चालेल. पण एखाद्या वाणाकडे १२ आणि १४ निघाले, तर तो १४ आणला कुठून? दोघांकडेही नाही. तो वाण या जोडप्याचा नव्हे.

एका खुणेवर आकडे जुळले तर त्यातून फारसं सिद्ध होत नाही. एसटीत शेजारी बसलेल्याचा रक्तगट आपलाच निघाला म्हणून तो काही भाऊ होत नाही. पण एकापाठोपाठ ३२ खुणा जुळल्या, एकही चुकली नाही, तर योगायोग म्हणायला तोंड उरत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बावर्स यांनी, फ्रान्समधल्या माँपेलिएच्या संशोधकांना सोबत घेऊन, हेच केलं. तीनशेहून जास्त वाणांच्या खुणा त्यांनी तपासल्या. दोन वर्षं आधी, १९९७ मध्ये, मेरेडिथ-बावर्स जोडीनं काबर्ने सोविन्याँ हे काबर्ने फ्राँ आणि सोविन्याँ ब्लाँ यांचं अपत्य असल्याचं दाखवलं होतं. म्हणजे जगातल्या सर्वांत नावाजलेल्या काळ्या द्राक्षाच्या आईबापांपैकी एक पांढरं. तेव्हाच लोक चकित झाले होते.

१९९९ चा निकाल त्याहून मोठा होता. शार्डोने, गामे, अलिगोते, ओसेरवा, मेलाँ, रोमोरांतँ, सासी… असे तब्बल १६ वाण एकाच जोडप्याचे निघाले. पिनो आणि ग्वे ब्लाँ. ज्या पोरांच्या बाटल्या ऐटीत मिरवल्या जातात, त्या सगळ्यांच्या जन्मदाखल्यावर एक नाव राजवाड्यातलं आणि दुसरं बांधावरचं. पुढच्या तपासण्यांत या भावंडांची संख्या आणखी वाढली.

पण आई कोण आणि बाप कोण, हे कसं कळलं?

वरच्या आकडेमोडीतून आईबाप कळतात, पण त्यांतलं कोण कोणतं हे कळत नाही. द्राक्षाच्या एकाच फुलात स्त्री आणि पुरुष दोन्ही अवयव असतात, त्यामुळे पिनो आई असू शकतो आणि बापही. सुरुवातीला बऱ्याच जणांनी गृहीत धरलं की खानदानी पिनो ही आई आणि गावभर फिरणारा ग्वे हा बाप. एका जनुकशास्त्रज्ञानं तर ग्वेला 'द्राक्षांचा कासानोव्हा' (कासानोव्हा म्हणजे प्रेमप्रकरणांसाठी गाजलेला इटालियन) म्हटलं आणि ते नाव चिकटलं.

याचा निकाल लागतो तो वेगळ्या डीएनएवर. पानातल्या हिरव्या कणांना, हरितलवकांना, स्वतःचा छोटासा डीएनए असतो, आणि द्राक्षात तो फक्त आईकडून येतो. परागातून येत नाही. घरातल्या विरजणासारखं. नवरीमुलगी सासरी जाताना माहेरचं विरजण घेऊन जाते, मग तिच्या मुलीकडे तेच जातं. सासरचं आडनाव बदललं तरी दही माहेरचं राहतं. २०१० मध्ये या डीएनएवरून तपासणी झाली तेव्हा शार्डोने, गामे, अलिगोते यांच्यासह बहुतेक भावंडांचं विरजण ग्वेचं निघालं. म्हणजे कासानोव्हा वगैरे काही नव्हतं. ती आई होती. हेळव्यांच्या चोपड्यांतसुद्धा बापांची नावं पुरी असतात, आयांची फार क्वचित. इथं प्रयोगशाळेलाही ते लक्षात यायला अकरा वर्षं लागली.

काळा बाप, पांढरी आई. मग पोरं दोन्ही रंगांची कशी?

हा प्रश्न मामांनी लगेच विचारला होता. पिनो नुआर काळं, ग्वे पांढरी. शार्डोने पांढरं, गामे मात्र काळं. मधला कुठला रंग का नाही?

द्राक्षाच्या सालीत रंग भरणारं एक बटण असतं असं समजा. प्रत्येक वेलाकडे या बटणाच्या दोन प्रती. एक जरी चालू असली तरी मणी काळे येतात. दोन्ही बिघडलेल्या असल्या की रंग येतच नाही आणि द्राक्ष 'पांढरं' होतं, म्हणजे खरं तर हिरवट-पिवळं. पांढरं द्राक्ष हा वेगळा गुण नव्हे, काळेपणा बंद पडलेला आहे. ग्वेकडे दोन्ही बिघडलेली बटणं. पिनो नुआरकडे एक चालू, एक बिघडलेलं. त्यामुळे ज्या बीला पिनोकडून बिघडलेलं बटण आलं ती पांढरी, चालू आलं ती काळी. नाणेफेक. शार्डोनेच्या बाजूनं छापा पडला आणि गामेच्या बाजूनं काटा, एवढाच फरक.

गामेचं नशीब मात्र आईवर गेलं. १३९५ मध्ये बरगंडीचा ड्यूक फिलिप, ज्याला 'धाडसी' म्हणत, त्यानं फर्मान काढून गामेचे वेल उपटायला लावले. फर्मानात गामेला 'अत्यंत वाईट आणि बेइमान' रोप म्हटलं होतं. गुन्हा कोणता? भरघोस पिकतं, शेतकऱ्याला परवडतं, आणि पिनोच्या जागेवर बसतं. सख्खा भाऊ शार्डोने त्याच बरगंडीत पुढे राजा झाला.

हलक्या आईची इतकी गुणी पोरं कशी?

यावर पहिलं उत्तर असं होतं: पिनो आणि ग्वे एकमेकांना फार परके, म्हणून संकर जोमदार. संकरित ज्वारी किंवा मका आईबापांपेक्षा जोरात येतो, तसंच. हुनिश ही पूर्वेकडून आलेली, पिनो इथलाच, मग परकेपणा असणारच, असा तर्क.

पण २०१८ मध्ये शार्डोनेचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला आणि या तर्काला तडा गेला. शार्डोनेच्या मजकुरात अशा लांबच लांब पट्ट्या सापडल्या, की जिथं आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली प्रत एकच होती. नात्यात लग्न झालं की होतं तसं. पिनो आणि ग्वे आपण समजत होतो तितके परके नव्हते, मागे कुठंतरी त्यांचं जवळचं नातं होतं. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल ज्या भागात आहे तिथल्या वाचकाला यात धक्कादायक काही वाटू नये. वाइनच्या पुस्तकांना मात्र एक सुबक गोष्ट खोडावी लागली.

मला दुसरं, साधं उत्तर जास्त पटतं. ही दोन द्राक्षं शेकडो वर्षं एकमेकांशेजारी, बांधाला बांध लावून होती. एकाच सुमाराला फुलत. दरवर्षी बिया पडत, पाखरं नेत, क्वचित रोप येई. किती रोपं उगवली आणि किती नांगराखाली गेली याची मोजदाद कुणाकडे नाही. आपण पाहतो ती जगलेली पोरं. जी बेचव निघाली ती कुणी काडी लावून पुढे नेलीच नाहीत. गुणी पोरं जन्मली यापेक्षा, गुणी तेवढी निवडली गेली.

घराणं आणखी केवढं आहे?

फार मोठं. पिनोखेरीज इतरांशीही ग्वेचे संबंध आले आणि पश्चिम युरोपात तिची थेट अपत्यं ऐंशीच्या आसपास मानली जातात. जर्मनीचं नाक असलेलं रीसलिंग, ज्याचा लेखी उल्लेख १४३५ पासून मिळतो, त्याच्या आईबापांपैकी एक ग्वे आहे. ऑस्ट्रियातलं काळं ब्लाउफ्रांकिश तिचंच. यातला विनोद बघा: 'फ्रांकिश' म्हणजे उंची, असं नाव मिरवणारं द्राक्ष 'हुनिश'च्या पोटचं. हंगेरीच्या गोड तोकाई वाइनचं फुरमिंटही तिच्याशी पालक-अपत्याच्या नात्यानं जोडलेलं आहे.

इथं एक अडचण येते, आणि ती बातम्यांत हमखास गाळली जाते. दोन वाणांत पालक-अपत्याचं नातं आहे एवढं कळतं, पण तिसरा, म्हणजे दुसरा पालक, सापडला नाही तर त्या दोघांत पालक कोण आणि अपत्य कोण हे सांगता येत नाही. माणसात वयावरून कळतं. वेलात वय नसतं, कारण काडीनं वाढवलेला वाण म्हातारा होत नाही. जुन्या ट्रंकेतला तारीख नसलेला फोटो काढावा, त्यात एकाच वयाच्या दोन बायका, पाठीमागे फक्त 'माय-लेकी' लिहिलेलं. आता माय कोणती ते सांगा.

सावान्याँ या द्राक्षाचं तसंच. फ्रान्सच्या जुरा डोंगरांत पिकणारं हे आणखी एक कमी लागवडीचं पांढरं द्राक्ष, पण घराण्यात याचं वजन ग्वेइतकंच. २०१९ मध्ये ऑर्लेआँ शहरातल्या उत्खननात सापडलेल्या द्राक्षाच्या बीचा डीएनए वाचला गेला. बी सुमारे नऊशे वर्षं जुनी आणि मजकूर आजच्या सावान्याँशी तंतोतंत जुळणारा. नऊशे वर्षं एकच वेल, काडीमागून काडी. आणि हे सावान्याँ शनँ ब्लाँ आणि सोविन्याँ ब्लाँ या दोघांशी पालक-अपत्याच्या नात्यानं जोडलेलं आहे. इथं नाशिककरांनी कान टवकारावेत. नाशिकच्या वाइनचा पांढऱ्या बाजूचा डोलारा मुख्यतः याच दोघांवर उभा आहे. दिंडोरीकडच्या बागांत शेजारशेजारच्या ओळींत उभे असलेले हे दोन वेल नात्यातले आहेत. शनँचं पुढे ग्वेशी जुळलं आणि त्यातून कोलोंबार झालं. नाशिकचं शिराझही एका पांढऱ्या द्राक्षाचं, माँदूझ ब्लांशचं, अपत्य. दुसरा पालक दुरेझा नावाचं काळं द्राक्ष.

बरं, पण याचा उपयोग काय?

पहिला उपयोग अगदी व्यापारी: नावं खरी होतात. ऑस्ट्रेलियात स्पेनचं आल्बारिन्यो म्हणून लोकांनी लावलेलं द्राक्ष २००९ च्या सुमारास तपासलं, तर ते सावान्याँ निघालं. लेबलं बदलावी लागली. चिलीत वर्षानुवर्षं मर्लो म्हणून विकलेलं बरंचसं द्राक्ष १९९४ मध्ये कार्मेनेर निघालं, जे फ्रान्समध्ये जवळपास संपलं होतं. नर्सरीतून एक वाण आणून लावला आणि तीन वर्षांनी घडावर भलतंच काही दिसलं, हा अनुभव आपल्याकडच्या बागायतदाराला सांगायला नको. द्राक्षाची एक चूक म्हणजे तीन वर्षं आणि लाखो रुपयांचा मांडव.

दुसरा उपयोग नवे वाण तयार करणाऱ्यांना. कुणाचं कुणाशी काय नातं हे माहीत असलं तर आंधळेपणी संकर करावा लागत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं काढलेला एआरआय-५१६ हा वाण अमेरिकी वंशाच्या कॅटाव्बा आणि युरोपीय वंशाच्या ब्युटी सीडलेस यांच्या संकरातला आहे. अमेरिकी बाजूकडून बुरशीशी झगडायची ताकद यावी, हा हिशेब. मुद्दाम केलेला संकर आणि बांधावर आपोआप झालेला संकर यांत क्रिया एकच. फरक एवढाच, की पहिल्यात आईबापांची नावं वहीत लिहिलेली असतात.

तिसरा उपयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: नालायक ठरवलेले वाण का जपायचे, याचा पुरावा मिळतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं युरोपातल्या बागांची मुळं खाल्ली. अमेरिकी खुंटावर कलम करून बागा नव्यानं लावल्या गेल्या. (आपण डॉगरीज खुंट वापरतो तो बहुतेक खारट पाण्यासाठी आणि पाण्याच्या ताणासाठी; युरोपात खुंट आला तो या किडीमुळे.) नव्यानं लावताना साहजिकच प्रत्येकानं नावाजलेले वाण निवडले. ग्वे ब्लाँसारखी शेकडो द्राक्षं त्या याद्यांत आलीच नाहीत.

तरी ती संशोधकांना मिळाली, कारण फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मार्सेयाँजवळ वासाल इथं सरकारी संशोधन संस्थेनं १९४९ पासून हजारो वाणांचे वेल समुद्राच्या वाळूत लावून जपले. वाळूत ती कीड टिकत नाही. आज विकाऊ ग्वे पिकते ती स्वित्झर्लंडच्या वरच्या वाले खोऱ्यात, व्हिस्पच्या आसपास, थोड्याशा जागेत. तिथं तिला ग्वेस म्हणतात. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियातल्या रदरग्लेनलाही तिचे जुने वेल आहेत. १९९९ च्या आधी या सगळ्या बागा कुणी साफ केल्या असत्या तर एक वाण गेला एवढीच नोंद राहिली असती, आणि शार्डोनेच्या दाखल्यावर आईची जागा कायमची कोरी.

"पण मग ग्वेची वाइन आता भारी म्हणायची का?"

नाही. हे मला बऱ्याच जणांनी विचारलंय, आणि वंशावळीच्या बातम्या वाचून होणारा हा नेहमीचा घोटाळा आहे. मुलगी नावाजली म्हणून आईचं गाणं सुरेल ठरत नाही. ग्वेची वाइन हलकी, चांगलीच आंबट, लिंबाकडे झुकणारी. उन्हाळे तापत चाललेत आणि अनेक वाणांतला आंबटपणा कमी होतोय, तेव्हा तिचा हा जुना दोष उद्या कामाला येईल असं म्हणता येतं. पण शार्डोनेची किंमत देऊन ग्वेची बाटली घेण्याचं काही कारण नाही.

उलट आक्षेपही येतो: सगळं एकाच घराण्यातलं असेल तर वाण वेगळे कशाला म्हणायचे? त्यासाठी आपल्याच घरातल्या चार भावंडांकडे बघावं. एक मुंबईत बँकेत, एक शेतात, एकाला तिखट चालत नाही, एक रात्री बारापर्यंत जागतो. आईबाप तेच.

मामांना मी हे सगळं थोडक्यात सांगितलं. त्यांना सगळ्यात जास्त आवडलं ते विरजण. मग म्हणाले, "म्हंजी आपल्या दगडापाशी जो आलाय, त्याची आई रेड ग्लोब. बाप कोण, ते त्या बागेच्या शेजाऱ्याला ठावं." मी म्हटलं, द्राक्षाचं फूल बऱ्याचदा स्वतःच्याच परागानं फळतं, तेव्हा कदाचित आई आणि बाप दोन्ही तेच. त्यावर ते थोडा वेळ गप्प बसले.

परवा त्यांचा फोन आला. वेलाला यंदा पहिल्यांदा तीन घड दिसले होते, त्यातले दोन फुलोऱ्यात जिरले. तिसऱ्याचे मणी वाटाण्याएवढे झालेत, अजून हिरवे आहेत, काळे होणार की नाही कळत नाही. मामी त्या जागी पाण्याची टाकी बसवायची म्हणतात. मामांनी घड पिकेपर्यंतची मुदत मागून घेतली आहे.